पाच-दहा वर्षांनी दातांच्या डॉक्टरकडे जाताय? तोंडात काय चाललंय आणि खुर्चीत काय होणार, सगळं सोप्या भाषेत

आपल्याकडे बहुतेक घरांत दाताचं दुखणं एकाच वाटेने जातं. आधी गार पाणी लागायला लागतं, मग त्या बाजूने चावणं आपसूक बंद होतं, मग एखाद्या रात्री दाढ अशी ठणकते की झोप उडते, लवंग धरतो, मेडिकलमधून गोळी आणतो, दोन-तीन दिवसांत थांबतं आणि आपण म्हणतो चला, सुटलो. असं करता करता पाच वर्षं जातात, दहा जातात, आणि मग दाढेपेक्षा मोठी अडचण ही होऊन बसते की आता एवढ्या वर्षांनी कुठल्या तोंडाने जायचं.

असे लोक खूप आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगातल्या साधारण ३५० कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार असल्याचं म्हटलंय, म्हणजे जवळपास निम्मं जग. तरी दातांबद्दल घरात बोलणं होतं ते फक्त दुखल्यावर. आणि मला वाटतं सगळा घोटाळा इथेच आहे, कारण दुखणं हे दाताची तब्येत सांगणारं फार बेभरवशाचं माप आहे.

दुखायला एवढा उशीर का होतो

दात बाहेरून एकसंध दिसला तरी त्याचे तीन थर असतात. सगळ्यात वर इनॅमल, म्हणजे ते पांढरं चकचकीत कवच, आपल्या शरीरातली सगळ्यात टणक गोष्ट, हाडापेक्षाही टणक. पण ते जिवंत नसतं, त्यात नस नाही, रक्त नाही, त्यामुळे ते किडत असताना आपल्याला काहीही कळत नाही आणि एकदा खड्डा पडला की ते परत वाढतही नाही. त्याखाली डेंटिन, थोडं मऊ, पिवळसर, आणि त्यात अतिशय बारीक नळ्या असतात ज्या आत नसेपर्यंत जातात. आणि मधोमध पल्प, त्यालाच आपण सरसकट नस म्हणतो, खरं तर त्यात नसांसोबत रक्तवाहिन्याही असतात.

आपण काही गोड किंवा पिठूळ खाल्लं की दातावरच्या चिकट थरातले जंतू त्याचं ॲसिड करतात. तिथला पीएच (ॲसिड मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम सुटायला लागतं. मग लाळ येऊन हळूहळू ते ॲसिड मारते आणि थोडंफार कॅल्शियम परत बसवते, पेस्टमधलं फ्लोराइड या कामात मदत करतं. म्हणजे दिवसभर झीज आणि डागडुजी असं दोन्ही चालू असतं. दिवसातून दोनदा गोड खाणाऱ्यापेक्षा दर तासाला चहा-बिस्किट घेणाऱ्याचे दात जास्त किडतात ते यामुळेच, लाळेला डागडुजीला वेळच मिळत नाही. (दाढेत खरोखरचा किडा वगैरे काही नसतो, जत्रेत कोणी काढून दाखवत असेल तर ती फसवणूक आहे.)

इनॅमल किडताना दुखत नाही. कीड डेंटिनपर्यंत पोचली की गार, गोड लागायला लागतं, सणक येते आणि जाते. या टप्प्यावर गेलात तर एका बैठकीत सिमेंट भरून, म्हणजे फिलिंग करून काम होतं. पण इथेच आपण बाजू बदलून चावायला लागतो. मग कीड पल्पला भिडते आणि तो सुजतो, आता शरीरात दुसरीकडे सूज आली तर तिला फुगायला जागा असते, इथे मात्र चारही बाजूंनी टणक भिंत, त्यामुळे आतला दाब वाढत जातो आणि तो प्रसिद्ध ठणका लागतो. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो म्हणून तो रात्रीच जास्त.

पण माझी दाढ दुखायची थांबली, मग बरी झाली ना?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतो आणि उत्तर वाईट आहे. सुजलेला पल्प काही दिवसांनी मरतो. नस मेली की दुखणार कोण? म्हणून थांबतं. जंतू मात्र तसेच असतात, ते मुळाच्या टोकातून बाहेर पडून जबड्याच्या हाडात जातात, तिथे हळूहळू पू साठतो. कधी हिरडीवर एक छोटी पुटकुळी येते, फुटते, खारट काहीतरी तोंडात येतं, परत भरते. दुखत नाही म्हणून लोक तिला वर्षानुवर्षं सांभाळतात, पण ती पुटकुळी म्हणजे आतला पू बाहेर यायचा रस्ता असतो.

अँटिबायोटिक घेतल्यावर बरं वाटतं ते आजूबाजूची सूज उतरते म्हणून. गोळी काम करते रक्तातून पोचून, आणि मेलेल्या दाढेच्या आत रक्तच जात नाही, त्यामुळे मूळ अड्डा तसाच राहतो आणि काही महिन्यांनी परत तेच. मेडिकलवाल्याला "दाताची गोळी द्या" म्हणून मागून घेणं बंद करा अशी माझी अगदी हात जोडून विनंती आहे, त्यात दाढ वाचत नाही आणि त्या औषधाचा पुढे उपयोग कमी होत जातो ते वेगळंच.

हिरडीतून रक्त येतं तिथे ब्रश लावायचा की नाही?

लावायचा, हलक्या हाताने, पण लावायचाच. कारण रक्त येतंय ते बहुतेक वेळा तिथे घाण साठल्यामुळे, आणि आपण रक्त बघून ती जागा टाळली की ती अजून साठते.

बोअरचं पाणी असलेल्या घरात बादलीला क्षार कसा बसतो ते आठवा. पहिल्या दिवशी हाताने पुसला तर जातो, महिनाभर राहिला की घासणीनेही निघत नाही. दातावर हेच होतं. तो चिकट थर, त्याला प्लाक म्हणतात, रोज ब्रशने निघतो, पण राहिला तर लाळेतला क्षार त्यात बसतो आणि त्याचा दगडासारखा टार्टर होतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ फिरवून बघा, खरखरीत लागलं तर तोच. तिथे लाळेच्या ग्रंथी उघडतात म्हणून तिथे सगळ्यात जास्त. ज्या बाजूने आपण चावत नाही तिथेही तो जास्त बसतो, त्यामुळे डॉक्टर तोंडात बघूनच सांगतात की तुम्ही डावीकडून जेवत नाही वाटतं.

हिरडी नुसती सुजलेली असेल, रक्त येत असेल, तर साफसफाईनंतर ती पूर्ण पूर्ववत होते. पण टार्टर हिरडीखाली सरकला की दात आणि हिरडीमध्ये फट पडते, दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं, यालाच आपल्याकडे पायोरिया म्हणतात. झिजलेलं हाड आपलं आपण परत येत नाही. म्हणजे आज गेलात तर झीज आहे तिथे थांबवता येते, एवढं नक्की. आणि ज्यांना शुगर आहे त्यांनी तर हे फारच मनावर घ्या, शुगर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो.

क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात म्हणे

असं म्हणणारे खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं जाणवलेलं असतं. वर्षानुवर्षांचा टार्टर दातांच्या फटीत भरून बसलेला असतो, हाड गेलेले दात त्याच्या आधाराने एकमेकांना चिकटून उभे असतात. तो काढला की मूळचा ढिलेपणा कळतो, फटी दिसतात, सुजलेली हिरडी उतरते आणि उघडं पडलेलं मूळ काही दिवस शिवशिवतं. दात आधीच हलत होता, कळलं आत्ता. स्केलिंगच्या, म्हणजे या क्लीनिंगच्याच, मशीनचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं आणि त्या थरथरीने टार्टर तुटून पडतो, ते इनॅमल कापत नाही.

फक्त एक, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं आणि तिथे वाढलेल्यांच्या दातांवर लहानपणापासून पिवळे-तपकिरी डाग असतात, ते दाताच्या आतलेच असतात त्यामुळे क्लीनिंगने जाणार नाहीत, त्याचे उपाय वेगळे.

एवढ्या वर्षांनी गेलं तर डॉक्टर ओरडणार

माझ्या मते लोक खरे अडतात ते इथे, दुखण्याच्या भीतीपेक्षा लाजेने. मी माझ्या आत्याबरोबर गेले होते. आत्या लग्न झाल्यापासून मिश्री लावायची, तव्यावर भाजलेल्या तंबाखूची, आमच्याकडे गावात तेव्हा सगळ्याच बायका लावायच्या. खुर्चीत बसली आणि पदर तोंडावरून काढेचना. डॉक्टरीण बाईंनी किती वर्षं, का, असलं काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, "आत्या, मिश्री कुठल्या बाजूला जास्त लावता?" आत्याने बोट दाखवलं, आणि बाईंनी आधी त्याच बाजूचा गाल आतून नीट बघितला, लाइट धरून, बोटाने चाचपून.

त्यांचं रोजचं काम हेच आहे. तुमच्यापेक्षा वाईट तोंड त्यांनी बहुधा याच आठवड्यात बघितलेलं असतं. आणि तरीही कोणी टोमणे मारलेच, तर उठून दुसरीकडे जायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्या एका माणसापायी आणखी पाच वर्षं घालवू नका. तंबाखू, गुटखा, सुपारी, मिश्री, जे काय असेल ते मात्र खरं सांगा, कारण त्यावरून कुठे बघायचं ते त्यांना ठरवायचं असतं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तीन बोटं उभी तोंडात न जाणं (सुपारीने गाल आतून आखडत जातात) यातलं काहीही असेल तर दात राहू देत बाजूला, आधी ते दाखवा. आपल्याकडे पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त दिसणाऱ्या कॅन्सरपैकी आहे, आणि लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूपच चांगली असते.

पहिल्या दिवशी नेमकं काय होतं

बहुतेक वेळा फक्त बघणं. आधी प्रश्न, बीपी, शुगर, कुठली ॲलर्जी, कुठल्या गोळ्या. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर पाकिटंच पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करून जाऊ नका, ते हार्टच्या आणि दातांच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल इंजेक्शनं घेतली असतील तर तेही आवर्जून सांगा, त्यानंतर दात काढताना जबड्याचं हाड भरायला अडचण येऊ शकते.

मग एक बारीक सळई हिरडी आणि दाताच्या मध्ये हलकेच सरकवतात. तिचं टोक बोथट असतं आणि अंगावर मिलिमीटरच्या खुणा असतात. डॉक्टर आकडे बोलत जातात, "तीन, दोन, तीन, सहा", आणि असिस्टंट लिहून घेते. ऐकणाऱ्याला काही कळत नाही म्हणून धडधडतं, तर अर्थ एवढाच, की तीनपर्यंत ठीक, चारपासून पुढे फट पडलीय, सहा म्हणजे तिथलं हाड बरंच झिजलंय. प्रत्येक दाताची वेगळी गोष्ट असते, एक सहा निघाला म्हणजे सगळे दात गेले असं नाही.

नंतर एक्स-रे. एका दाताच्या छोट्या फोटोला आरव्हीजी म्हणतात, पूर्ण जबड्याच्या फोटोला ओपीजी. रेडिएशनची काळजी वाटते पण छोट्या फोटोत जेवढं मिळतं ते निसर्गातून आपल्याला एखाद्या दिवसात तसंही मिळतं, साधारण तेवढंच. गरोदर असाल तर आधी सांगा.

आणि उपाशीपोटी जाऊ नका! आपल्याकडे ऑपरेशन म्हटलं की उपाशी असं डोक्यात बसलंय, तोंडातल्या इंजेक्शनला उलट जेवून जायचं असतं, रिकाम्या पोटी आणि घाबरलेल्या अवस्थेत चक्कर येते. चतुर्थीचा उपवास असेल तर दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या.

इंजेक्शनचीच भीती वाटते

तोंड बधिर करायचं औषध म्हणजे लिग्नोकेन, स्वीडनमध्ये १९४३ मध्ये निल्स लोफग्रेन यांनी बनवलेलं आणि आजही जगभर वापरतात. ते नसेतून जाणारा दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचूच देत नाही. दाब कळतो, आवाज येतो, कोणीतरी काहीतरी करतंय हे कळतं, पण कळ येत नाही. सुई टोचायच्या आधी तिथे जेल किंवा स्प्रे लावून वरची कातडी बधिर करता येते, आणि औषध सावकाश सोडलं तर त्रास बराच कमी होतो, म्हणून "हळू द्या" असं सांगायला संकोचू नका.

या औषधात बऱ्याचदा थोडं ॲड्रिनॅलिन असतं, रक्तवाहिन्या आकसून औषध तिथेच टिकावं म्हणून. त्याने मिनिट-दोन मिनिटं छाती धडधडू शकते. अनेकांना वाटतं मला इंजेक्शन सोसत नाही, बहुतेकदा ते हे असतं.

काही जण सांगतात मला भूल चढलीच नाही, जिवंतपणी दाढ काढली. हेही खोटं नसतं. पू झालेल्या जागी ॲसिड जास्त असतं आणि तिथे लिग्नोकेन नीट काम करत नाही. तेव्हा आधी पू काढून, सूज उतरवून मग काम करतात, किंवा वेगळ्या ठिकाणी नस पकडून इंजेक्शन देतात. वीस वर्षांपूर्वी घाईत कोणी काढली असेल म्हणून आजही तसंच होईल असं धरून चालू नका. आणि काम सुरू व्हायच्या आधी ठरवून घ्या की डावा हात वर केला की थांबायचं. ज्यांना खूपच भीती आहे त्यांचा निम्मा ताण या हाताने जातो, कारण थांबवायचं आपल्या हातात आहे हे कळलेलं असतं.

काढूनच टाकली तर कटकट मिटेल ना?

कधीकधी काढणंच बरोबर असतं, विशेषतः वाकड्या अक्कलदाढेचं किंवा ज्याचं हाडच उरलं नाही अशा दाताचं. (वरची दाढ काढल्याने नजर जाते हे साफ चूक आहे, डोळ्याची नस वेगळी.) पण चावायची चांगली दाढ काढली की शेजारची हळूहळू त्या जागेत कलते, समोरची खाली उतरते किंवा वर येते, तिथलं हाड आकसतं, आणि मग फटीत अन्न अडकून शेजारचीही किडते.

रूट कॅनल म्हणजे मेलेला किंवा सुजलेला पल्प बारीक सुयांनी साफ करून, जंतुनाशकाने धुवून, पोकळी झाडाच्या चिकापासून बनलेल्या गटा-पर्चाने बंद करणं. दुखणं घालवायची ट्रीटमेंट आहे ती, तिचं नाव उगीच बदनाम झालंय. मात्र त्यानंतर दाढेवर कॅप बसवायला सांगितली तर टाळू नका, पोकळ झालेली दाढ चावताना उभी चिरते आणि मग ती वाचवता येत नाही.

खर्चाचं काय

खर्च आहे, आणि साध्या मेडिक्लेममध्ये अपघात सोडला तर दात सहसा बसत नाहीत, हे खरंच अन्यायाचं वाटतं. पण फिलिंगपेक्षा रूट कॅनल आणि कॅप कितीतरी महाग, आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला नवा दात, त्याहून महाग, त्यामुळे थांबण्यात पैसे वाचत नाहीत. डॉक्टरांना सरळ विचारा, यातलं तातडीचं काय, तीन महिन्यांत करायचं काय, आणि नुसतं दिसण्यासाठी काय. चांगला डॉक्टर असे तीन भाग करून लिहून देतो. एकदम सगळं करायची जबरदस्ती होत असेल तर एक्स-रे घेऊन दुसरं मत घ्या.

परवडत नसेल तर डेंटल कॉलेज. मुंबईत नायर डेंटल, सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारातलं सरकारी कॉलेज, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी कॉलेजं, गोव्यात बांबोळीचं. वेळ लागतो, रांग असते, विद्यार्थी काम करतात पण वर शिक्षक तपासतात, आणि पैसे बाहेरच्या मानाने खूप कमी. परदेशातले नातेवाईक डिसेंबरात येऊन दात करून घेतात त्यांनाही एक सांगणं, फिलिंग, रूट कॅनल सुट्टीत होतं, पण इम्प्लांटचा स्क्रू हाडात मुरायला साधारण तीन महिने लागतात, तीन आठवड्यांत सगळं उरकायचं असं ठरवून येऊ नका.

हे असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका

जबड्याखाली किंवा गळ्याकडे सूज उतरतेय, गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, ताप आहे, जीभ वर ढकलल्यासारखी वाटतेय, श्वासाला त्रास होतोय, तर क्लिनिक नको, त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा. दाताचा पू गळ्यात उतरला तर जिवावर बेततं. गाल सुजला असेल तर बाहेरून गरम शेक देऊ नका, पू पसरू शकतो. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, कातडी भाजते.

फोनवर काय सांगायचं

वेळ घेतानाच सांगा की बऱ्याच वर्षांनी येतेय, भीती वाटते, पहिल्या वेळी फक्त तपासणी हवी, काम नको. सकाळची वेळ मागा म्हणजे दिवसभर धाकधूक करत बसावं लागत नाही. कोणालातरी बरोबर न्या. तपासणी झाली की बहुधा पहिलं काम क्लीनिंगचंच निघतं, हिरड्या फार खराब असतील तर ते दोन-तीन वेळांत करतात, आणि मग दोन-तीन महिन्यांनी ती सळई घेऊन परत आकडे मोजतात.